पोछ्याच्या बादलीत काय उरतं?

शाळेचा लांबलचक व्हरांडा पुसायला घेतला की पहिल्या वर्गापाशी बादलीतलं पाणी नितळ असतं. तिसऱ्या वर्गापर्यंत ते राखाडी होतं आणि सहाव्यापाशी पोहोचेपर्यंत बादलीचा तळ दिसेनासा होतो. पोछा मात्र त्याच पाण्यात बुडतो, तिथेच पिळला जातो आणि पुढच्या फरशीवर फिरतो. ओली असेपर्यंत फरशी चकाकते. वाळल्यावर तिरक्या उजेडात जरा वाकून पाहावं. पोछा जसा फिरला तसे अर्धगोल पट्टे उमटलेले दिसतात. पहिल्या वर्गातली धूळ सहाव्यापर्यंत अगदी समान वाटप करून सारवलेली!

पर्यावरणस्नेही सफाईचा विषय निघाला की लोक आधी विचारतात, ‘कोणतं लिक्विड घ्यायचं?’ मला हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. घाण नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते. फरशीवरून फडक्यात, फडक्यातून बादलीत, बादलीतून गटारात. तिचा पुढचा मुक्काम कुठे, हे आधी ठरवलं की बाटलीची निवड बरीच सोपी होते.

साबण काय किंवा डिटर्जंट काय, त्यांचं मुख्य काम घाण उचलण्याचं. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. तेलकट डागाभोवती हे रेणू जमतात, तेलाकडची टोकं आत आणि पाण्याकडची बाहेर अशी सूक्ष्म गोळी तयार होते आणि ती पाण्याबरोबर निघून जाते. डाग उचलायला लागतील तेवढे रेणू पाण्यात असले की काम भागतं. त्यापुढे ‘अजून एक झाकण’ ओतल्याने फरशी जास्त स्वच्छ होत नाही. उलट धुतला न गेलेला साबण चिकट थर होऊन राहतो, त्यावर धूळ बसते, फरशी लवकर मळते, म्हणून उद्या पुन्हा जास्त साबण. भरपूर फेस आला म्हणजे सफाई चांगली झाली, हाही असाच एक गैरसमज.

फेसावरून एक जुनी गोष्ट सांगायला हवी. १९५०च्या दशकात नवी कृत्रिम डिटर्जंट घरोघरी पोहोचली आणि थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे ढीग तरंगू लागले. त्या डिटर्जंटच्या रेणूंची शेपटी फांद्या फुटलेली होती आणि पाण्यातल्या जिवाणूंना ती सहजी पचत नव्हती. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून सरळ शेपटीचे रेणू वापरात आले. ते जिवाणू खाऊन टाकतात. ‘जैवविघटनशील’ हा लेबलवरचा शब्द बोजड वाटतो खरा, पण त्याचा अर्थ एवढाच की बादली ओतल्यावर पुढे कोणीतरी हे खाणारं आहे.

सफाईचं गणित मांडणारा एक सुरेख आराखडा आहे. जर्मन रसायन अभियंता हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये तो मांडला आणि व्यावसायिक सफाईच्या प्रशिक्षणात तो आजही शिकवतात. सिनर म्हणतात, स्वच्छता चार गोष्टींतून येते : रसायन, घासणं, तापमान आणि वेळ. हे एका वर्तुळाचे चार तुकडे. एक लहान केला तर दुसरा मोठा करावा लागतो, पण वर्तुळ पूर्ण व्हायला हवं. रसायन कमी करायचं असेल तर कोमट पाणी घ्या, जास्त घासा किंवा थांबा. या थांबण्याकडे आपलं हमखास दुर्लक्ष होतं. बेसिनवर फवारा मारला की लगेच फडकं फिरवायचं, डाग निघाला नाही की पुन्हा फवारा. त्याऐवजी पाच मिनिटं दुसरं काम करून परत आलं, तर निम्मं घासणं आपोआप वाचतं. आणि वेळ काही गटारात जात नाही.

घासण्याचा तुकडा मोठा केला मायक्रोफायबर या अतिबारीक तंतूंच्या कापडाने. ९,००० मीटर लांब धाग्याचं वजन १ ग्रॅम भरलं तर तो १ डेनियरचा. मायक्रोफायबरचा तंतू याहूनही बारीक असतो आणि तो चिरून पाचरीसारख्या कडा काढलेल्या असतात. सुती फडकं धूळ पुढे ढकलतं, या कडा ती धरून ठेवतात, तीही बऱ्याचदा नुसत्या पाण्यावर. इमारतींमध्ये आता सपाट पोछे वापरतात. एका खोलीला एक कापड, ते मळलं की थेट धुण्याच्या पिशवीत, बादलीत परत बुडवायचंच नाही. सहाव्या वर्गाचा प्रश्न इथेच सुटतो. मात्र हे कापड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये, त्याने कडांवर लेप बसतो. शिवाय ते प्लास्टिकचं असल्याने दर धुण्यात थोडे तंतू पाण्यात जातात. म्हणजे तेही काही धुतल्या तांदळासारखं नाही.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे दारातलं लांब पायपुसणं. दोन्ही पाय त्यावर दोन-तीनदा पडतील एवढं लांब हवं. बुटांबरोबर येणाऱ्या वाळूत क्वार्ट्झ असतं, कठीणपणाच्या मोह्स मापनावर ७. संगमरवर ३ च्या आसपास. पायाखाली ही वाळू पॉलिशपेपरसारखी घासत राहते.

आता जंतुनाशकं. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट जंतूंवर तुटून पडतं हे खरं, पण ते निवड करत नाही. समोर चिखल, तेल, उलटी असेल तर त्यावरच खर्ची पडतं आणि जंतूंसाठी फारसं उरत नाही. म्हणून आधी धुणं, मग जंतुनाशक, आणि ते लेबलवर लिहिलेली मिनिटं ओलं राहायला हवं. लगेच पुसून घेतलं तर जंतू मरत नाहीत, फक्त वास येतो. ब्लीचमध्ये अ‍ॅसिडचा टॉयलेट क्लीनर मिसळला तर क्लोरीन वायू सुटतो, तोच जो पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियममधल्या ईप्रच्या युद्धभूमीवर अस्त्र म्हणून सोडला होता. बंद संडासात ‘दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ’ असं म्हणणाऱ्याच्या हातून बाटली काढूनच घ्यावी.

रोजच्या वर्गाला, कपाटांना, भिंतींना जंतुनाशकाची गरज नसते, साबण-पाणी पुरतं. संडास, आजारी मुलाची जागा, सतत हात लागणाऱ्या कड्या इथे त्याचा उपयोग. हा भेद नुसता नदीसाठी नाही, पुसणाऱ्या माणसासाठीही आहे. नॉर्वेच्या बर्गेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये सहा हजारांहून अधिक लोकांची सुमारे वीस वर्षांची नोंद प्रसिद्ध केली. सफाईकाम करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटलेली आढळली. लिंबाचा ‘ताजा’ सुगंधही निरुपद्रवी नव्हे. त्यातलं लिमोनिन हवेतल्या ओझोनशी संयोग पावतं आणि फॉर्मल्डिहाइड तयार होतं.

‘नैसर्गिक’ म्हटलं की व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याचा सल्ला येतोच. फसफस छान दिसते. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं खारट पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरावेत. व्हिनेगर नळावरच्या पांढऱ्या क्षारांवर (संगमरवरावर चुकूनही नको), सोडा घासायला.

फरशी खरंच स्वच्छ झाली का, हे डोळ्यांना आणि नाकाला कळत नाही. त्यासाठी वापरतात ती चाचणी मला फार आवडते. सजीवांच्या पेशींत एटीपी नावाचा रेणू असतो. पृष्ठभागावरून बोळा फिरवून तो ल्युसिफरेज या विकरात बुडवतात. हे विकर काजव्याचं. एटीपी जितकं जास्त तितका उजेड जास्त, आणि छोटं यंत्र तो आकड्यात सांगतं. पुसलेल्या बाकावरचा बोळा काजव्यासारखा चमकला, तर सेंद्रिय घाण अजून तिथेच आहे.

कचऱ्याचंही असंच. तो वाईट ठरतो मिसळल्यामुळे. कागद एकटा असेल तर त्याचे तंतू पाच-सात वेळा पुन्हा वापरता येतात, पण वर उष्टं सांडलं की तो गेला. उष्टं एकटं असेल तर खत होतं, दाबलेल्या ढिगात हवेविना कुजलं तर मिथेन, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. म्हणून सुक्याची आणि ओल्याची टोपली कायम शेजारी-शेजारी हवी. एकटी टोपली दिसली की हात तिच्यातच सगळं टाकतो, फलक कितीही रंगीत लावा.

खताच्या पेटीला वास येतो म्हणून शाळा ती बंद करतात. वास हा बिघाड नाही, निरोप आहे. जिवाणूंना नायट्रोजनच्या एका भागाला कार्बनचे २५ ते ३० भाग लागतात. उष्ट्यात कार्बन त्या मानाने कमी, वाळलेल्या पानांत भरपूर. ओल्या थरावर सुक्या पानांचा जाड थर द्यावा आणि काट्याने वर-खाली करावं. तीन-चार दिवसांनी हात आत घातला तर चटका बसतो, मोठ्या ढिगात तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत जातं. मुलांना हे दाखवावंच. आग नाही, वीज नाही, आणि ढीग वाफाळतोय.

फुटलेली ट्यूबलाइट मात्र यातल्या कुठल्याच टोपलीत नको. एलईडी नसलेल्या जुन्या, फ्लुरोसंट ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो. खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढावं आणि तुकडे जाड पुठ्ठ्याने उचलावेत. झाडू किंवा व्हॅक्यूम लावला तर पारा हवेत पसरतो.

राहिली ती बादली. तिचं पाणी पावसाच्या नाल्यात ओतू नये. तो नाला बऱ्याच ठिकाणी प्रक्रियेविनाच नदीला मिळतो. सांडपाण्याच्या वाहिनीला जोडलेल्या मोरीत, जाळी ठेवून ओतावं. जाळीवर वाळू, केस, तंतू यांचा राखाडी गोळा उरेल, तो सुक्या कचऱ्यात. मग बादली उपडी करून ठेवावी आणि पोछा धुऊन दांड्यावर टांगावा. रात्रभर पाण्यात बुडून राहिलेल्या पोछ्याला सकाळी जो कुबट वास येतो, तो रात्रीत वाढलेल्या जिवाणूंचा असतो आणि सकाळी पहिल्या वर्गाची फरशी त्यानेच पुसली जाते.