सस्कॅचेवानची सुगी: कापणीच्या टक्केवारीमागचा इतिहास

ऑगस्ट सरत आला की कॅनडातील सस्कॅचेवान प्रांताच्या कृषी खात्याकडून दर आठवड्याला निघणाऱ्या पीक अहवालात धान्यबाजार सर्वांत आधी एकच आकडा शोधतो: कापणी किती टक्के उरकली. गावोगावच्या स्वयंसेवी वार्ताहरांनी कळवलेल्या माहितीवर उभ्या असलेल्या या अहवालात जमिनीच्या वरच्या थरातील ओलही नोंदवलेली असते, अतिरिक्त, पुरेशी, कमी आणि फारच कमी अशा चार वर्गांत. माझ्या मते वाचायचा तो आधी हा ओलीचा रकाना, कारण या गवताळ मैदानावर शेती कशी रुजली आणि कशी उन्मळली, हे त्याच्यावाचून कळत नाही.

1857 ते 1860 या काळात कॅप्टन जॉन पॅलिसर यांनी या मुलखाची पाहणी केली आणि दक्षिणेकडील कोरडा त्रिकोणी पट्टा शेतीला अयोग्य ठरवला. 1879-80 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन मॅकून यांनी तोच भाग पावसाच्या चांगल्या वर्षांत पाहिला आणि तो गव्हाला उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. दोघांनीही डोळ्यांसमोर होते तेच लिहिले. पण सरकारला आणि रेल्वेला मॅकून यांचेच म्हणणे सोयीचे होते. 1872 च्या कायद्याने अवघ्या 10 डॉलर शुल्कात 160 एकर जमीन मिळू लागली, 1885 मध्ये लोहमार्ग पूर्ण झाला आणि वसाहतकरी येत राहिले. क्री आणि इतर मूळ रहिवाशांशी 1870 च्या दशकात करार करून ही भूमी आधीच ताब्यात घेण्यात आली होती, ही गोष्ट या प्रगतीच्या कथेतून वगळता येणार नाही.

ओलीइतकाच दुसरा पेच थंडीचा होता. आपल्याकडे खरीप हुकला तर निदान रब्बीची आशा असते. तिथे मे महिन्यात पेरायचे आणि सप्टेंबरच्या गोठवणाऱ्या रात्रींपूर्वी दाणा पक्का झालेला पाहायचा, एवढाच डाव. रेड फाइफ हा त्या काळचा गहू दर्जेदार असला तरी उशिरा पिके आणि थंडीत सापडे. त्याचा संकर भारतातून गेलेल्या, लवकर पिकणाऱ्या हार्ड रेड कलकत्ता या गव्हाशी 1892 मध्ये झाला, आणि त्या संततीतून सरकारी धान्यसंशोधक चार्ल्स सॉन्डर्स यांनी पुढे मार्क्विस हे वाण निवडले. ते एकेका रोपाचे मूठभर दाणे तोंडात टाकून चघळत आणि उरलेल्या गोळ्याच्या चिवटपणावरून पावाचा दर्जा ताडत. आठवडाभर आधी तयार होणाऱ्या या गव्हाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सारे मैदान व्यापले.

ओल टिकवण्याची युक्ती मात्र अपघातानेच हाती आली. मिश्रवंशीय मेटी आणि मूळ रहिवाशांनी कॅनडा सरकारविरुद्ध केलेल्या 1885 च्या उठावात सैन्याच्या वाहतुकीसाठी घोडे गेल्याने सस्कॅचेवानमधील इंडियन हेड गावाच्या परिसरात पुष्कळ जमीन पेरणीविना राहिली. पुढच्या वर्षी अवर्षण पडले, तरी तिथले शेतकरी अँगस मॅके यांच्या पड ठेवलेल्या शेतात गहू उभा राहिला. एक वर्ष जमीन पड ठेवून, वारंवार नांगरून, पाणी साठवण्याची ही पद्धत शिफारशीची झाली, आणि तिथेच पुढच्या संकटाचे बी पडले. उघडी, भुसभुशीत माती 1930 च्या दशकातील दुष्काळात वाऱ्याबरोबर उडाली. 1937 मध्ये सस्कॅचेवानमध्ये गव्हाचा उतारा एकरी तीन बुशेलांच्याही खाली, म्हणजे सुमारे 75 किलोंवर आला. 1935 मध्ये केंद्र सरकारने मैदानांच्या पुनर्वसनासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारली होतीच. पण पड जमिनीची सवय मोडायला 1990 चे दशक उजाडावे लागले, जेव्हा जुन्या धसकटांतच थेट पेरणी करणारी यंत्रे सर्रास वापरात आली. ती उभी धसकटे हिवाळ्यात बर्फ अडवून धरतात आणि वसंतात तेच पाणी मुरते.

पड जमिनीची जागा डाळींनी घेतली, आणि इथे आपला थेट संबंध येतो. सस्कॅचेवान विद्यापीठात आल्फ्रेड स्लिंकार्ड यांनी 1978 मध्ये लेअर्ड हे मसुराचे वाण दिले. आज जगातील मसूर निर्यातीत हा प्रांत अग्रेसर असून भारत त्याचा मोठा गिऱ्हाईक आहे. 2017 च्या अखेरीस भारताने वाटाण्यावर 50 टक्के आणि मसुरावर 30 टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याला पुढच्या पेरणीचा हिशेब नव्याने मांडावा लागला. मसुराचे झाड बुटके, शेंगा जमिनीलगत. म्हणून पेरणीनंतर रूळ फिरवून दगड दाबले जातात, नाहीतर कापणीचे पाते त्यांवर आपटते.

या पार्श्वभूमीवर कापणीची टक्केवारी वेगळी दिसते. 2021 मध्ये सुगी लवकर आटोपली, कारण उष्णतेने पीक अकाली वाळले होते. कॅनडाचे गव्हाचे उत्पादन त्या वर्षी एक तृतीयांशाहून अधिक घटले. उलट 2016 आणि 2019 मध्ये पीक उभे होते, पण शरदातील पाऊस आणि बर्फाने यंत्रे अडकली आणि साडेचौदा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला गहू वाळवणीयंत्रात घालावा लागला. त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरच्या अहवालात कापणी शंभर टक्क्यांना टेकली, तरी जाणता शेतकरी ओलीच्या रकान्यावर थांबतो. जमीन गोठण्याआधी तिच्यात उरलेले पाणी हेच पुढच्या मे महिन्यातील पेरणीचे पहिले भांडवल असते.