झारल की भरल? हिमालयातला कळप ओळखताना

नेपाळच्या एव्हरेस्ट भागात नामचे बाजारहून गोक्योकडे जाताना मोंग ला ही खिंड ओलांडली की वाट दूधकोसी नदीच्या दिशेने एकदम खाली घसरते. समोर फोर्त्सेचा डोंगर आणि मध्ये खोल दरी. ऑक्टोबरअखेर आम्ही तिथे होतो. पुढे चालणाऱ्या कुणीतरी कड्याकडे बोट दाखवून "ब्लू शीप! ब्लू शीप!" म्हटलं आणि सगळ्यांचे मोबाइल तिकडे वळले. आमचे गाईड दाई (नेपाळीत दाई म्हणजे दादा) मागून येत होते. त्यांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "नाउर होइन, झारल हो." म्हणजे नाउर नव्हे, झारल. पण तोवर फोटो घरच्या ग्रुपवर जायला निघालेही होते, 'ब्लू शीप' या नावाने.

ही गफलत फार जणांची होते आणि त्यात नावांचा वाटा मोठा आहे. इंग्रजीत ज्याला ब्लू शीप म्हणतात त्याला हिंदीत भरल आणि नेपाळीत नाउर म्हणतात. इंग्रजीतला हिमालयन ताहर म्हणजे नेपाळीत झारल. भरल, झारल, त्यात आणखी घोरल. तिन्ही नावं कानाला एकच वाटतात. घोरल हा वेगळाच, लहान चणीचा प्राणी, तो खालच्या जंगलउतारांवर राहतो. ताहरला 'थार' म्हणावं, तर नेपाळीत थार म्हणजे सिरो, घनदाट झाडीत एकट्याने फिरणारा चौथाच प्राणी. म्हणून नेपाळमध्ये गाईडशी बोलताना झारल आणि नाउर हेच दोन शब्द वापरावेत. या लेखात नाउरला मी भरल म्हणते आहे, कारण गंगोत्री-गोमुखला गेलेल्या आपल्या मंडळींच्या तोंडी तेच नाव आहे.

ओळखायची सुरुवात बहुतेक जण रंगापासून करतात. माझ्या मते रंगावर सगळ्यात शेवटी विसंबावं. 'ब्लू' हे नाव ऐकून निळा प्राणी शोधायला गेलात तर तो सापडणारच नाही. भरलचा रंग पाटीसारखा राखाडी, त्यावर किंचित निळसर झाक, आणि तीही प्रकाश तसा पडला तर. उलट संध्याकाळी सावली उतरली की झारलच काय, समोरचा अख्खा डोंगर निळसर दिसतो.

त्याऐवजी आधी प्राण्याच्या पायाखालची जमीन बघा. झारल कड्यावरचा. भूर्जाची आणि धुपीची (ज्युनिपरची) झुडपं जिथे संपत येतात, जिथे सरळसोट खडकात गवताच्या अरुंद पट्ट्या असतात, तिथे तो चरतो, तिथेच बसतो. त्याच्या खुरांची कड कठीण आणि मधला भाग रबरासारखा मऊ असतो, त्यामुळे ओल्या कातळावरही पकड सुटत नाही. भरलला कडा हवा असतो, पण आसऱ्यापुरता. तो चरतो उघड्या गवताळ उतारांवर, झाडांच्या रेषेच्या वर. चाहूल लागली की आधी जागच्या जागी थिजतो. राखाडी दगडांत राखाडी प्राणी इतका मिसळतो की पाहता पाहता हरवतो. धोका खरोखर जवळ आला तर मात्र सगळा कळप जवळच्या खडकांकडे पळतो. तेव्हा गवताळ माळावर पसरलेला मोठा कळप दिसला तर मनात आधी भरल आणावा. कपारीत चार-सहा जनावरं चिकटल्यासारखी दिसली तर झारल.

मग दुर्बीण लावा आणि नर शोधा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झारलचा नर ओळखायला कष्टच पडत नाहीत. मान, खांदे आणि छातीवरून गुडघ्यांपर्यंत लोंबणारी दाट आयाळ असते. शरीर गडद तपकिरी, कधी जवळजवळ काळं, आयाळ त्याहून फिकी, आणि वारा आला की ती झुलते. सरासरी वजन सत्तर किलोंच्या पुढे, मादीच्या जवळजवळ दुप्पट. एवढ्या दांडग्या देहाच्या मानाने शिंगं आखूड वाटतात. बुंध्याशी जाड आणि विळ्यासारखी सरळ मागे वळलेली. भरलच्या नराचं याच्या नेमकं उलट. आयाळ नाही, अंगावरचे केस आखूड, पण शिंगं भारदस्त. ती आधी वर आणि बाजूंना फाकतात, मग टोकाशी मागे वळतात, त्यामुळे समोरून पाहिलं तर सायकलच्या हॅण्डलसारखी दिसतात. शिवाय पोट पांढरं, पायांच्या पुढच्या बाजूला काळे पट्टे, आणि कुशीवर पाठीचा राखाडी रंग व पोटाचा पांढरा रंग यांच्या मधोमध स्पष्ट काळी रेघ. ही रेघ दिसली की पुढे काही तपासायची गरज नाही, झारलला ती नसते.

भरलला मेंढी म्हणायचं की नाही, हाही जुना प्रश्न आहे. १८३३ मध्ये ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक ब्रायन हॉजसन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं तेव्हा त्याला मेंढ्यांत बसवलं. नंतर त्यांनीच त्याला स्वतंत्र प्रजातीनाम (जीनसचं नाव) दिलं, 'स्यूडोइस', म्हणजे खोटी मेंढी. १९७३ च्या शरद ऋतूत प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर नेपाळच्या डोल्पो भागातल्या शे गोम्पापर्यंत, म्हणजे तिथल्या बौद्ध मठापर्यंत, चालत गेले ते भरल पाहायलाच. तिथल्या लामांनी शिकारीला मनाई केली असल्यामुळे कळप निर्धास्त होते आणि जवळून पाहता येत होते. नर एकमेकांशी कसे भिडतात, अंग कसं दाखवतात, हे पाहून शॅलर यांचं मत झालं की हा प्राणी मेंढीपेक्षा शेळीच्या जवळचा आहे. पुढे जनुकीय अभ्यासानेही तेच दाखवलं. आपल्या दक्षिणेतल्या नीलगिरी ताहरची गंमत याच्या उलट झाली. त्याला वर्षानुवर्षं हिमालयातल्या ताहरचा सख्खा भाऊ मानत होते, पण २००५ मध्ये जनुकीय अभ्यासाने दाखवलं की तो मेंढ्यांच्या जवळचा आहे आणि त्याची प्रजाती वेगळी झाली. नावावरून नातं ठरवायचं नाही, हे या दोघांनी मला कायमचं शिकवलं.

कुठे काय दिसेल, हे आधी माहीत असलं तर निम्मं काम होतं. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे एव्हरेस्ट बेस कॅम्प आणि गोक्योच्या नेहमीच्या वाटांवर, दिसतो तो झारल. नामचे, खुमजुंग, फोर्त्से, थामे या गावांच्या वरचे कडे सकाळी लवकर निरखून पाहावेत. तिथल्या हिमबिबट्याचंही मुख्य भक्ष्य तोच. लांगटांग राष्ट्रीय उद्यानातही झारल आहे. भरलसाठी शे-फोक्सुंडो गाठावं. ३,५५५ चौरस किलोमीटरचं हे उद्यान नेपाळमधलं सर्वांत मोठं. तितका लांबचा प्रवास जमत नसेल तर अन्नपूर्णा सर्किटवर मनांगच्या पुढे, तिलिचोच्या वाटेवर आणि थोरोंग फेदीच्या आसपास भरलचे कळप दिसतात. (अन्नपूर्णा हे राष्ट्रीय उद्यान नाही, संरक्षण क्षेत्र आहे, त्याचा परवाना वेगळा काढावा लागतो.) आपल्याकडे गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात भोजवासा-तपोवनच्या वाटेवर आणि लडाखच्या हेमिसमध्ये भरलच भेटतो.

झारल न्यूझीलंडच्या डोंगरांतही आहे. १९०४ मध्ये माउंट कुकजवळ तो शिकारीसाठी मुद्दाम सोडला. मुळात तिथे असे खुरांचे प्राणी नव्हते, त्यामुळे तिथल्या वनस्पतींना कळपांचा मारा सोसेना आणि आज तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत त्याची संख्या मारून कमी ठेवावी लागते. हिमालयात मात्र तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटाच्या उंबरठ्यावरचा प्राणी म्हणून नोंदलेला आहे. भरलची स्थिती त्या मानाने बरी आहे.

खरी परीक्षा असते ती दोघेही राहतात अशा ठिकाणी. पश्चिम नेपाळचं ढोरपाटन किंवा हिमाचलचं ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क. त्यातून कळपात फक्त माद्या आणि पिल्लं असली की आयाळ, मोठी शिंगं यातलं काहीच हाताशी नसतं. दोन्ही माद्यांची शिंगं आखूड, दोन्ही अंगाने लहान. अशा वेळी मी पोट बघते. भरलच्या मादीचं पोट पांढरं आणि पायांवर फिकी का होईना पण काळपट छटा असते. झारलची मादी सगळी एकसारखी तपकिरी असते. तेही दिसलं नाही तर वहीत 'मादी, ओळख पटली नाही' असं लिहावं, ठिकाण आणि उंची टिपावी, आणि कळपाच्या आणखी जवळ न जाता वाटेला लागावं. हिवाळ्याच्या तोंडावर त्यांना उगाच पळायला लावलं तर साठवलेली ताकद वाया जाते, आणि त्या उंचीवर ती परत मिळायला वसंतच उजाडावा लागतो.