सिलिंडर-हेड बदल (मोटारसायकल)

सिलिंडर-हेड बदल : मोटारसायकलच्या एंजिनाचा खालचा भाग, म्हणजे क्रँक (पिस्टनच्या हालचालीने फिरणारा दांडा), त्याची पेटी (क्रँककेस) आणि पुष्कळदा सिलिंडरही, कायम ठेवून त्यावर निराळ्या रचनेचे हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) बसवून अधिक शक्ती मिळवण्याची पद्धत. मूळ हेडचे पोर्ट (वायू आत-बाहेर जाण्याचे मार्ग) कोरून मोठे करणे किंवा हेडला फेस मारून (तळ घासून) ते बसके करणे यालाही गॅरेजांत सरसकट ‘हेडचे काम’ म्हटले जाते. या नोंदीत मात्र मुख्यत्वे संपूर्ण हेड बदलण्याचा विचार केला आहे.

हेडमध्ये व्हॉल्व्ह (झडपा) असलेल्या फोर-स्ट्रोक एंजिनात मिश्रण आत घेणे, ते पेटवणे आणि जळालेला वायू बाहेर सोडणे हा सारा व्यवहार हेडमध्ये चालतो. त्यामुळे घनक्षमता न वाढवता शक्ती वाढवायची झाल्यास प्रथम हेडकडेच पाहावे लागते. व्हॉल्व्ह उघडल्यावर त्याच्या कडेभोवती जी वर्तुळाकार फट पडते, तिचे क्षेत्रफळ व्हॉल्व्हचा परीघ आणि उचल यांच्या गुणाकाराइतके असते. उचल व्यासाच्या एक चतुर्थांशापर्यंत पोचली की हे क्षेत्रफळ व्हॉल्व्हच्या तोंडाइतके होते आणि पुढे नुसती उचल वाढवून फारसे काही हाती लागत नाही. व्हॉल्व्ह मोठा करण्यालाही बोअरच्या (सिलिंडरच्या पोकळीच्या) व्यासाची मर्यादा पडते. एका मोठ्या व्हॉल्व्हऐवजी दोन लहान बसवले तर त्याच जागेत एकूण परीघ वाढतो, शिवाय प्रत्येक व्हॉल्व्ह हलका असल्याने जास्त फेऱ्यांवरही स्प्रिंगा त्याला आवरू शकतात. चार व्हॉल्व्हच्या हेडमागील मूळ तर्क हाच आहे.

संपीडन गुणोत्तराचा, म्हणजे सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबले जाते याचा, प्रश्न वेगळा आहे आणि तो आकड्यांनीच नीट कळतो. जुन्या बुलेट ३५० चा बोअर ७० मिमी. व स्ट्रोक (पिस्टनचा पल्ला) ९० मिमी. असून घनक्षमता ३४६ घ. सेंमी. होती. गुणोत्तर ६.५ धरल्यास दहनकक्षाचे आकारमान सुमारे ६३ घ. सेंमी. येते; ८.५ गाठायचे तर ते ४६ वर आणावे लागते. हेडला १ मिमी. फेस मारला तर फार तर ३.८ घ. सेंमी. कमी होतात, म्हणजे एवढा फरक केवळ घासून पाडायला ४ मिमी.हून अधिक धातू काढावा लागेल. तितका धातू गेल्यावर पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडण्याची हालचाल खालून वर पोचवणारे दांडे) लांब पडतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनला भिडण्याची भीती निर्माण होते. अशा वेळी उंच माथ्याचा पिस्टन किंवा वेगळे हेड हेच मार्ग उरतात.

या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील इंडियन कंपनीने १९११ च्या सुमारास आठ व्हॉल्व्हचे व्ही-ट्विन (इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात दोन सिलिंडरांचे) शर्यती एंजिन तयार केले होते, तर फ्रान्समधील प्यूजोने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट (हेडवर बसवलेले, व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) व चार-चार व्हॉल्व्हची ट्विन (दोन सिलिंडरांची) मोटारसायकल बनवली. या दोहोंना अग्रक्रम देणारे अभ्यासक आहेत. परंतु ती एंजिने मुळापासूनच तशी आखलेली होती, आणि जुन्या एंजिनावर नवे हेड हा येथील विषय लक्षात घेता ब्रिटनमधील ट्रायम्फ कंपनीच्या ‘ट्रायम्फ रिकार्डो’चे उदाहरण अधिक सयुक्तिक वाटते. एंजिन संशोधक हॅरी रिकार्डो (१८८५–१९७४) यांच्या संस्थेने १९२१ च्या सुमारास ट्रायम्फच्या साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला असलेल्या) एंजिनाच्या बहुतांशी जुन्याच तळभागावर चार व्हॉल्व्हचे हेड चढवले. काटेकोर अर्थाने हाही निव्वळ हेड बदल म्हणता येणार नाही, कारण सिलिंडरही नवा होता आणि बोअर व स्ट्रोक ८०.५ व ९८ मिमी. करून घनक्षमता ४९९ घ. सेंमी. ठेवली होती. एंजिनाला रिकार्डोंचे नाव मिळाले असले तरी त्याची घडण आणि ब्रुकलँड्स या इंग्लंडमधील शर्यतमार्गावरील चाचण्या यांत फ्रँक हाफर्ड (१८९४–१९५५) यांचा वाटा मोठा होता. पुढे हाफर्ड विमानांच्या एंजिनांचे अभिकल्पक म्हणून प्रसिद्धीस आले आणि कदाचित त्यामुळेच त्यांचे हे काम काहीसे झाकोळले. आयल ऑफ मॅन बेटावरील १९२२ च्या सीनियर टीटी शर्यतीत वॉल्टर ब्रँडिश या गाडीवर दुसरे आले. त्यांच्या पुढे गेलेली अ‍ॅलेक बेनेट यांची सनबीम साइड-व्हॉल्व्ह होती, ही गोष्ट चार व्हॉल्व्हचे गोडवे गाणाऱ्या लेखनात सहसा आढळत नाही.

हेड बदलाचा सर्वांत सलग इतिहास ट्रायम्फचे अभिकल्पक एडवर्ड टर्नर यांच्या दोन सिलिंडरांच्या ट्रायम्फ ट्विन एंजिनाचा आहे. १९३७ च्या स्पीड ट्विनचे हेड ओतीव लोखंडाचे होते. दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्ससाठी बनवलेल्या विद्युतजनित्र संचावर ट्रायम्फने ॲल्युमिनियम मिश्रधातूचे सिलिंडर व हेड वापरले. युद्धानंतर तेच भाग ट्रायम्फच्याच टायगर १०० या मोटारसायकलच्या तळभागावर बसवून तयार केलेल्या गाडीवर एर्नी लायन्स यांनी १९४६ ची मँक्स ग्रां प्री ही आयल ऑफ मॅनवरील शर्यत जिंकली. जनित्राचे पत्र्याचे आवरण स्क्रूने बसवण्यासाठी ठेवलेले उंचवटे त्या चौकोनी पंखांच्या सिलिंडरवर तसेच राहिले होते आणि पुढे विक्रीस आलेल्या ग्रां प्री मॉडेलवरही ते दिसतात. जुन्या गाड्यांचे जाणकार अस्सल भाग ओळखताना प्रथम तेथेच बोट ठेवतात.

ट्रायम्फच्या १९५९ च्या बॉनव्हिल मॉडेलवर दोन्ही पोर्ट एकमेकांपासून फाकलेले आणि प्रत्येकाला स्वतंत्र कार्ब्युरेटर असे हेड आले. ही कल्पना अमेरिकी विक्रेत्यांच्या आग्रहातून आली असे सांगितले जाते. पण तसे हेड त्याआधीच शर्यतीच्या हौशी ग्राहकांना जादा भाग म्हणून मिळत होते, तेव्हा कारखान्याने प्रचलित बदलालाच आपलेसे केले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. या काळातील मिश्रधातूच्या हेडमध्ये आठ बोल्टांच्या भोकांपासून व्हॉल्व्हच्या बैठकीपर्यंत केसासारखी बारीक चीर जात असे. १९६३ मध्ये नववा बोल्ट घालून हेडची ही बाजू मजबूत करण्यात आली.

ट्रायम्फचे दोन व्हॉल्व्ह परस्परांशी ९० अंशांचा कोन करीत असल्याने दहनकक्ष खोल होता. संपीडन वाढवण्यासाठी उंच घुमटाचा पिस्टन घातला की तो ज्योतीच्या वाटेत येई आणि पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या सुमारे ३८ अंश (क्रँकच्या फेरीचे) आधी ठिणगी द्यावी लागे. इंग्लंडमधील राय येथील हॅरी वेस्लेक यांनी हवेचा प्रवाह प्रत्यक्ष मोजून हेड आखण्याचे तंत्र मोटारगाड्यांसाठी आधीच रूढ केले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या संस्थेने आखलेले आठ व्हॉल्व्हचे हेड रिकमन बंधूंनी ट्रायम्फसाठी संचरूपात विकले. यात मूळ कॅमशाफ्ट व पुशरॉडची व्यवस्था ठेवून एकाच रॉकरने (तरफेने) दोन व्हॉल्व्ह दाबले जात. व्हॉल्व्हमधला कोन लहान झाल्याने कक्ष उथळ झाला आणि पिस्टनचा माथा बराच सपाट ठेवता आला. स्पीडवे (मातीच्या लंबगोल मार्गावरील) शर्यतींसाठी वेस्लेकने पुढे चार व्हॉल्व्हचे स्वतंत्र एकसिलिंडर एंजिन बनवले व १९७६ मध्ये पीटर कॉलिन्स त्यावर जगज्जेते ठरले. ट्रायम्फने १९८२ च्या टीएसएस या मॉडेलवर वेस्लेकच्या हेडवरून घेतलेलीच रचना वापरली, मात्र पुढच्याच वर्षी मेरिडन येथील कारखाना बंद पडला.

हेड बदलल्याने वाढलेला भार तळभागावर येतो. ट्रायम्फ ट्विनच्या क्रँकला दोन टोकांनाच बेअरिंग होते, मधे आधार नव्हता; त्यामुळे फेऱ्या वाढताच क्रँक वाकण्याचा आणि कंपनाचा प्रश्न उभा राही. कार्ब्युरेटरचे जेट आणि ठिणगीची वेळ नव्या हेडला जुळवली नाही तर नॉकिंग (मिश्रण अवेळी स्फोटासारखे पेटणे) होऊन पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. सायलेन्सर तसाच ठेवल्यास लाभाचा बराच अंश वाया जातो.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांहून वेगळे ठरतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा असाच अर्थ लावला. केवळ हेड बदलल्याने घनक्षमता बदलत नसली तरी धूर व आवाजाच्या मर्यादा लागू राहतात.

टू-स्ट्रोक एंजिनाच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नसतात, म्हणून तेथे हेड बदलण्याचा हेतू संपीडन आणि कडेच्या अरुंद पट्टीतून मिश्रण मध्याकडे ढकलणे एवढाच असतो. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेल्या यामाहा आरएक्स १०० चा बोअर व स्ट्रोक दोन्ही ५० मिमी. असल्याने या पट्टीतील दशांश मिलिमीटरही परिणाम करतो. ती मोजण्यासाठी मिस्त्री सोल्डरची तार वाकवून प्लगच्या भोकातून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत सरकवतात, किक हाताने हळूच दाबून पिस्टन एकदा माथ्यावर नेतात आणि चेपलेल्या टोकाची जाडी व्हर्नियरने पाहतात. अंतर सुमारे १ मिमी. भरले तर सहसा हेड तसेच ठेवतात. त्याहून बरेच जास्त असल्यास पातळ गॅस्केट घालतात किंवा हेड पुन्हा लेथवर चढवतात.