साइडकारसाठी मोटारसायकलची निवड

साइडकार म्हणजे मोटारसायकलच्या एका बाजूला पक्की जोडलेली, एकच चाक असलेली प्रवासी किंवा सामानाची गाडी. भारतात वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्याने ती डावीकडे जोडतात. जोडणीनंतर मोटारसायकल वळणावर झुकत नाही, हँडल फिरवूनच ती वळवावी लागते; त्यामुळे दोन चाकांवर उत्तम चालणारी गाडी तीन चाकांवर तशीच चालेल असे नाही. निवडीची सुरुवात बहुतेक जण इंजिनाच्या सीसीपासून करतात. वास्तविक आधी पाहायला हवा तो सांगाडा आणि त्याखालोखाल पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन दांडे.

झुकून वळणाऱ्या दुचाकीत सांगाडा आणि चाके यांवरील भार जवळजवळ त्यांच्याच प्रतलात राहतो. साइडकार लावल्यावर तो आडवा येतो, आणि चाकांच्या आऱ्यांपासून स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या हलत्या भुजेच्या) बुशपर्यंत सगळ्यांना तो सोसावा लागतो. साइडकार साधारणपणे चार ठिकाणी, दोन खाली व दोन वर, जोडली जाते. इंजिनाला खालून कवेत घेणारा पोलादी नळ्यांचा दुहेरी सांगाडा यासाठी सर्वांत सोयीचा. रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० चा सांगाडा या प्रकारचा आहे. मात्र तिचा एक सायलेन्सर डावीकडेच असल्याने मागचा खालचा जोड त्याला वळसा घालून न्यावा लागतो. जुन्या बुलेटमध्ये पुढची नळी एकच आणि इंजिन हाच सांगाड्याचा खालचा दुवा. तिथे स्वतंत्र उपसांगाडा बनवून भार अनेक बिंदूंवर वाटून देणे श्रेयस्कर. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला थेट क्लॅम्प आवळणे किंवा वेल्डिंग करणे टाळावे. जोड चुकीच्या जागी असेल, तर काही काळाने वेल्डिंगलगतच्या रंगाला केसाएवढी भेग जाते आणि तिच्यातून गंजाची तांबूस रेघ ओघळलेली दिसते.

हँडलचा जडपणा ‘ट्रेल’वर अवलंबून असतो. हँडल ज्या अक्षाभोवती फिरते तो खाली वाढवला, तर पुढचे टायर जिथे टेकते त्याच्या थोडा पुढे जमिनीला मिळतो. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. दुचाकीत ते सुमारे १०० मिलिमीटर असते व सरळ धावण्यास मदत करते, पण साइडकारसह तेवढ्या ट्रेलने प्रत्येक वळणाला खांदे भरून येतात. म्हणून बदललेले फोर्क-क्लॅम्प (फोर्क सांगाड्याला धरणारे जोड) किंवा लीडिंग लिंक फोर्क (ज्यात चाक पुढे आलेल्या हलत्या भुजांवर बसते) बसवून तो बराच कमी करतात. १९५५ ते १९६९ या काळातील बीएमडब्ल्यूंच्या अर्ल्स फोर्कमध्ये, जो लीडिंग लिंकचाच एक प्रकार, साइडकारसाठी वेगळ्या ट्रेलची सोय कारखान्यातूनच केलेली होती. असा फोर्क मिळेल का, हे गाडी विकत घेण्याआधी विचारावे.

इंजिनाकडून कमाल वेगाऐवजी कमी फेऱ्यांवरील ओढ अपेक्षित असते. साडेतीनशे सीसीची बुलेट साइडकार ओढते, सावकाश. घाटात तिसऱ्या गिअरवर दम लागला की वारंवार अर्धा दाबलेला क्लच प्लेटा जाळतो. साखळीच्या गाडीत इंजिनाकडील स्प्रॉकेटचे (साखळीच्या दातेरी चाकाचे) एक-दोन दाते कमी करून हे बरेच सावरता येते. साखळीऐवजी फिरत्या दांड्याने (शाफ्टने) मागचे चाक चालवणाऱ्या गाडीत त्यासाठी मागची दंतचक्रे बदलावी लागतात, आणि ते खर्चिक असते. उरल ही मूळची रशियन गाडी साइडकारसह विकली जाते आणि तिला रिव्हर्स गिअर असतो. इतर बहुतेक गाड्या मात्र चढावर उलट्या ढकलाव्या लागतात.

साइडकारच्या चाकाला ब्रेक नसेल, तर ब्रेक लावताच डावीकडे जोडणी असलेली गाडी उजवीकडे वळू पाहते व वेग वाढवताना डावीकडे. डाव्या वळणावर रिकामी साइडकार उचलली जाते. म्हणून हलक्या मोटारसायकलला अवजड आणि वजनदार मोटारसायकलला अगदी हलकी साइडकार, या दोन्ही जोड्या वाईट.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येनुसार वेगळी करता येणारी, एक जादा चाक असलेली साइडकार लावूनही गाडी मोटारसायकलच राहते. मात्र आरसीवरील तपशिलाशी विसंगत बदल आरटीओच्या परवानगीविना करता येत नाही, त्यामुळे जुनी गाडी निवडताना तिचा चॅसिस क्रमांक आणि कागदपत्रे जुळतात का, हे पहिला क्लॅम्प बसवण्यापूर्वीच तपासून घ्यावे लागते.