मोदकांनंतरची तपासणी

गणपती उठले की पुण्यातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एक ठरावीक मंडळी येतात. दहा दिवस उकडीचे मोदक तुपासकट झालेले असतात. मग आठवडाभर गोड, भात, बटाटा बंद, रोज तळजाईला फेरी, आणि त्यानंतरच रक्त द्यायचं. म्हणजे रिपोर्ट ‘चांगला’ येतो. उपाशीपोटीची साखर या युक्तीला फसतेही. एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटलीय हे सांगणारी तपासणी, मात्र सहसा फसत नाही, आणि त्यामागचं रसायन मला विलक्षण आवडतं.

स्नायूंच्या पेशी साखर आत घ्यायला बऱ्याच अंशी इन्सुलिनच्या इशाऱ्यावर अवलंबून असतात. लाल रक्तपेशीला तो लागत नाही, तिचं दार कायम उघडं. त्यामुळे रक्तातलं ग्लुकोज वाढलं की तिच्या आत, हिमोग्लोबिनच्या शेजारीही वाढतं. ग्लुकोजचे जवळजवळ सगळे रेणू कडं करून बसलेले असतात. क्वचित एखादं कडं उघडतं, टोकाचा अल्डिहाइड गट मोकळा होतो आणि हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या पहिल्याच अमिनो आम्लाला, व्हॅलिनला, जाऊन चिकटतो. हा बंध कच्चा. त्याला शिफ बेस म्हणतात आणि तो सुटूही शकतो. पण पुढे अणूंची आतल्या आत फेररचना होते, तिला अमाडोरी फेररचना म्हणतात. ती झाली की ती साखर सहसा पेशी मरेपर्यंत हलत नाही. यात कुठलंही विकर (एन्झाइम) नाही. तव्यावरच्या भाकरीला खमंग डाग पडतात त्या मायार अभिक्रियेची सुरुवात हीच; तिथे मिनिटं पुरतात, रक्ताच्या ३७ अंशांना आठवडे लागतात. मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन १९६८ मध्ये इराणच्या सॅम्युएल राहबार यांच्या नजरेला पडलं.

लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून ‘तीन महिन्यांची सरासरी’ म्हणतात. पण ही सरासरी सरळ नाही. कालची साखर आज हजर असलेल्या जवळपास सगळ्या पेशींना लागलेली असते. तीन महिन्यांपूर्वीची फक्त तेव्हापासून टिकलेल्या म्हाताऱ्या पेशींवर सापडते. म्हणून आकड्यातला जवळजवळ निम्मा वाटा शेवटच्या महिन्याचा असतो. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. सात टक्क्यांचा अर्थ सरासरी साखर १५४ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास.

या परीक्षेलाही खोट आहे. लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असेल तर आकडा फुगू शकतो. पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतं रक्त चढवलं असेल तर फसवा कमी दिसू शकतो. ॲनिमिया आपल्या घराघरांत, विशेषतः बायकांमध्ये, असल्याने हिमोग्लोबिन न पाहता नुसत्या एचबीएवनसीवर विसंबू नये.

बागांबाहेर सकाळी कारल्या-जांभळाचा हिरवा रस ‘शुगर मुळापासून घालवा’ म्हणून विकला जातो. कारल्याची भाजी जरूर खावी. त्या ग्लासाच्या भरवशावर इन्सुलिन बंद करणं मात्र थेट जिवावर बेतू शकतं.

‘मी तर काटकुळा, मला कसली शुगर’ हेही पुण्यातच खोटं ठरलंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! वजनकाट्याला हे कळत नाही.

साखर चिकटण्याचा हा प्रकार हिमोग्लोबिनपुरता थांबत नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या कोलॅजेन या प्रथिनालाही ती चिकटते, आणि ते काही १२० दिवसांत बदललं जात नाही, वर्षानुवर्षं तेच राहतं. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि नसा बिघडण्यामागे हे एक कारण आहे. म्हणून साखर आटोक्यात असली तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासायचा, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन बघायचं. एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा. आणि पायांचे तळवे रोज रात्री उजेडात पाहायचे, बोटांच्या बेचक्यांसकट, वाकता येत नसेल तर आरसा धरून. कारण नसा बधिर झाल्या की चपलेतला खडा रुतलेला कळतच नाही.