सीडी विकणं वेगळं, लेबल काढणं वेगळं

कॉफीवाल्या स्टारबक्सने म्युझिक कंपनी, म्हणजे गाणी रेकॉर्ड करून बाजारात आणणारं लेबल, काढली होती असं बरेच जण सांगतात, आणि म्हणजे नक्की काय केलं विचारलं की उत्तर येतं, काउंटरवर सीडी ठेवायचे ना. अहो, ते तर दुकान झालं! त्यांनी दोन्ही केलं हे खरं, दोन्हीकडे हिअर म्युझिक हेच नाव लावलं, तिथेच सगळा घोळ झालाय.

दुकानदारी आधी आली. 1995 ला ब्लू नोट या जॅझ लेबलची गाणी निवडून एक सीडी काढली, मग 1999 ला हिअर म्युझिक ही सीडी विकणारी कंपनी विकतच घेतली. यात मास्टर म्हणजे मूळ रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या मालकीचं, आपण परवानगी काढायची, चांगली गाणी वेचायची, गल्ल्याजवळ मांडायची, प्रत खपली की आपलं मार्जिन सुटतं. हे काम सोपं समजू नका, कॉफी घ्यायला आलेल्या माणसाला कधी न ऐकलेला गायक घरी न्यावासा वाटणं ही निवडणाऱ्याच्या कानाची कमाल आहे. 2005 मध्ये अ‍ॅलानिस मॉरिसेट या गायिकेचा एक अल्बम उत्तर अमेरिकेत पहिले सहा आठवडे फक्त स्टारबक्समध्येच मिळत होता, तर कॅनडातल्या एचएमव्ही या सीडीच्या दुकानांनी चिडून तिचे बाकीचे अल्बमही शेल्फवरून काढून टाकले. अल्बम मॅव्हरिक लेबलचा, आणि भांडण दुकानाचं दुकानाशी.

लेबलचं गणितच निराळं. कलाकाराशी करार करायचा, आगाऊ पैसे द्यायचे, रेकॉर्डिंगचा खर्च, जाहिरात, बाकीच्या दुकानांपर्यंत माल पोचवणं, रॉयल्टी, सगळं तुमच्या डोक्यावर, अल्बम आपटला तर ते पैसे बुडाले. हे स्टारबक्सने मार्च 2007 मध्ये कॉनकॉर्ड या म्युझिक कंपनीबरोबर सुरू केलं, पहिला करार थेट बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीशी, जूनमध्ये त्याचा ‘मेमरी ऑलमोस्ट फुल’ हा अल्बम आला आणि त्या दिवशी त्यांच्या दुकानांत दिवसभर तोच वाजत होता.

सगळ्यात जास्त गोंधळ गायक रे चार्ल्सच्या ‘जीनियस लव्ह्ज कंपनी’ या अल्बमचा. तो 2004 चा, म्हणजे लेबल निघायच्या तीन वर्षं आधीचा, कॉनकॉर्ड आणि हिअर म्युझिकने मिळून काढलेला. नुसतं विकणं नव्हतं ते, पण स्वतःचं लेबलही नव्हतं, मधलंच काहीतरी. त्याला आठ ग्रॅमी मिळाली आणि मला वाटतं त्यातूनच पुढे लेबल काढायची हिंमत आली.

हिंमत फार टिकली नाही, 2008 लाच लेबलचा रोजचा कारभार कॉनकॉर्डकडे गेला. सीडी विकणं मात्र 2015 च्या मार्चपर्यंत चालू होतं.

अशी एखादी सीडी हातात आली तर पुढचा लोगो बघत बसू नका, उलटी करा, खाली बारीक अक्षरात गोलात पी छापलेला असतो, त्याच्यापुढे ज्याचं नाव असेल, रेकॉर्डिंगचा हक्क त्याचा.