वाय-फायच्या रांगेतला सावकाश गिऱ्हाईक

कोथरूडला आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि आठवड्याभरात कंपनीला शिव्या घालायला लागले. बेडरूममध्ये मोबाइलवर ८ दिसत होते. मी राउटरला थेट केबल लावून लॅपटॉपवर मोजलं: ९४. भानगड घरातच होती. (केबल न लावता भांडायला जाऊ नये.)

वाय-फायला लोक नळाची उपमा देतात. मला ते रेशनच्या दुकानातल्या एकुलत्या खिडकीसारखं वाटतं. एका चॅनेलवर (लहरींच्या एका ठरलेल्या पट्ट्यावर) एका वेळी एकानेच बोलायचं. बाकीच्यांनी कान देऊन थांबायचं, हवा मोकळी झाली की मनातल्या मनात आकडे मोजायचे. ज्याचे आधी संपतील तो बोलणार. पाळी साधारण सगळ्यांना सारखी, पण एका पाळीत कोण किती वेळ खाईल याला धरबंध नाही.

आता हिशेब बघा. डेटाचं १५०० बाइटचं पाकीट म्हणजे १२,००० बिट, आणि १ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा लाख बिट. ५४ एमबीपीएसने ते ०.२२ मिलिसेकंदात जातं, १ एमबीपीएसने १२ मिलिसेकंदांत. दोन भिंतींपलीकडचा जुना मोबाइल सिग्नल पडला की वेग उतरवत १ वर येतो. तो आणि लॅपटॉप आळीपाळीने बोलले, तर १२.२२ मिलिसेकंदांत दोघांचं एकेकच पाकीट जातं. म्हणजे ५४ वाल्याच्याही पदरात पुरता १ पडत नाही! (नवी यंत्रं वेळेची वाटणी करतात, ती गोष्ट वेगळी.)

भरीला बीकन. प्रत्येक अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय सोडणारं यंत्र, घरात बहुधा राउटरच) सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःचं नाव पुकारतो, तेही सहसा चालू ठेवलेल्या सर्वांत कमी वेगाने. सोसायटीत असे पंधरा-वीस पुकारणारे.

म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएस हे वेग बंद केले, किमान १२ ठेवला. सगळ्याच घरगुती राउटरांत ही सोय नसते. शिवाय लांबचा मोबाइल यामुळे तुटतो, म्हणून पॅसेजपर्यंत केबल ओढून दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट टांगला. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला चॅनेल १, दुसऱ्याला ११. अधल्यामधल्या ३-४ वर ठेवलं की १ आणि ६ अशा दोन्ही चॅनेलांवरचा शेजाऱ्यांचा गोंगाट ऐकू येतो.

काकांनी राउटर ईशान्येला ठेवला होता, व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं म्हणून. लहरींना दिशा कळत नाहीत, भिंती कळतात. तो फ्रिजमागून काढून कपाटावर ठेवला.

बेडरूममध्ये आता ६० च्या आसपास येतात. काकूंचा जुना प्रिंटर मात्र रुसला. त्याला ११ एमबीपीएसच्या वरचं काही बोलताच येत नाही. त्याला केबल लावून दिली.